माल्टात नऊ तास: व्हॅलेटाला क्रूझ थांबते तेव्हा किती शहरं पाहावीत?

प्रश्न असा आहे: भूमध्य समुद्रातली क्रूझ आहे. जहाज माल्टाच्या व्हॅलेटा बंदरात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार. सोबत सत्तरीचे आई-बाबा, त्यातल्या आईंचे गुडघे दुखरे, आणि दहा वर्षांची मुलगी. जहाजाच्या यादीत ‘ऐतिहासिक शहरं’ नावाची गाइडसह सहल आहे. ती घ्यावी का आपलं आपण फिरावं, आणि व्हॅलेटा, इम्दीना, शिवाय बंदरापलीकडची ‘तीन शहरं’ (बिर्गू, इस्ला, बोर्मला) अशी पाचही शहरं एका दिवसात होतील का?

आधी उत्तर. पाच होणार नाहीत. दोन करा: सकाळी इम्दीना, दुपारी व्हॅलेटा, आणि याच क्रमाने. जहाजाची सहल घ्यायची की नाही हे तिच्या माहितीपत्रकातल्या तीन-चार शब्दांवर ठरतं. ते शब्द कोणते, हे पुढे येतंच.

माल्टाचं मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आणि साडेचौदा रुंद. नकाशा पाहून वाटतं, एवढंसं तर आहे, सगळं उरकून टाकू. पण इथे दिवस खातात ते चढ, ऊन आणि रांगा. शिवाय नऊ तास म्हणजे नऊ तास नसतातच. आठला जहाज धक्क्याला लागलं तरी दोरखंड बांधून, कागदपत्रं होऊन शिडी मोकळी होईपर्यंत सव्वाआठ-साडेआठ होतात. पाचला सुटणार असेल तर सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ साडेचार, कधी चारही असते. स्वतः फिरणाऱ्याने त्याआधी एक तास हाताशी ठेवायचा. म्हणजे हिशेब साडेसहा-सात तासांचा, त्यात जेवण आलं, स्वच्छतागृह आलं, मुलीचं आइसक्रीम आलं.

घड्याळाचं एक बघून घ्या. जहाज ग्रीस किंवा तुर्कस्तानकडून येत असेल तर तिथली वेळ माल्टापेक्षा एक तास (तुर्कस्तानची हिवाळ्यात दोन तास) पुढे असते. जहाज आपली वेळ बदलतं की नाही, हे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात लिहिलेलं असतं. मोबाइल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच आपोआप बदलतो. मोबाइल एक वेळ दाखवतो आणि जहाज दुसऱ्या वेळेवर चालतं, अशा घोळात माणसं धक्क्यावर राहतात. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून आई-बाबांपैकी कुणाच्या तरी हातात ठेवा.

इम्दीना आधी का

दोन कारणं आहेत. पहिलं सरळ आहे: लांबचं आधी, जवळचं नंतर. इम्दीना बंदरापासून बारा-तेरा किलोमीटर आत आहे. व्हॅलेटा तुमच्या जहाजाच्या डोक्यावरच उभं आहे. परतीच्या रस्त्यात काही अडलं तर ते सकाळी अकराला अडलेलं परवडतं, दुपारी साडेतीनला नाही. बेटावर गाड्या फार आणि रस्ते अरुंद, त्यामुळे पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला कधी पाऊण तास लागतो.

दुसरं कारण इतिहासाचं, आणि ते कळलं की दोन्ही शहरं एकमेकांना जोडून दिसतात. इम्दीना ही बेटाची जुनी राजधानी. रोमनांच्या काळी मेलिते, मग अरबांच्या काळी मदिना. नाव तिथूनच आलं. टेकडीवर, समुद्रापासून आत, तटाच्या आत. पुढे १५३० मध्ये सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे धर्मसेवेची शपथ घेतलेले लढवय्ये, बेटावर आले. ते आरमारी लोक, त्यांना टेकडी नको, बंदर हवं होतं. त्यांनी मुक्काम टाकला बंदरकाठच्या बिर्गूत. मग १५६५ चा ऑटोमन वेढा: मे महिन्यात सुरू झाला, २३ जूनला सेंट एल्मोचा किल्ला पडला, ८ सप्टेंबरला वेढा उठला. वाचलेल्या ग्रँडमास्टर (नाइट्सच्या संघाचा प्रमुख) ला व्हॅलेटने सेंट एल्मोच्या मागच्या उघड्या खडकावर नवं शहर वसवायचं ठरवलं आणि २८ मार्च १५६६ ला पायाभरणी केली. तेच व्हॅलेटा. सरदारघराणी आणि बिशप इम्दीनात, नाइट्स व्हॅलेटात, असं दोन सत्तांचं बेट झालं. आजही बेटावर एकाच आर्चबिशपची दोन मुख्य चर्चं आहेत: इम्दीनात सेंट पॉलचं कॅथेड्रल, व्हॅलेटात सेंट जॉनचं ‘को-कॅथेड्रल’. हा ‘को’ १८१६ मध्ये लागला. आधी इम्दीना पाहिलं की व्हॅलेटाची सरळ आखलेली रेघ न् रेघ का तशी आहे ते कळतं. उलट क्रमाने गेलं तर इम्दीना नुसत्या सुंदर गल्ल्या होऊन राहतं.

माहितीपत्रक कसं वाचायचं

जहाजाच्या सहलींची नावं मोठी गोड असतात. नाव सोडा, क्रियापदं बघा. ‘व्हिजिट’ लिहिलं असेल आणि तिकीट समाविष्ट आहे असं वेगळं नमूद असेल, तरच आत जाणार. ‘व्ह्यू’ किंवा ‘सी’ म्हणजे बाहेरून दाखवणार. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, त्यात चाळीस जण बसमधून उतरण्यात आणि चढण्यात अर्धी जातात. ‘पॅनोरमिक ड्राइव्ह’ म्हणजे खिडकीतून. तीन शहरांचा उल्लेख ‘पॅनोरमिक’ शब्दासोबत असेल तर ती व्हॅलेटाच्या बुरुजावरून बोट दाखवून सांगितली जाण्याची शक्यता मोठी.

ता-अलीचं नाव दिसलं तर सावध व्हा. इम्दीनाच्या पायथ्याशी ता-अली इथे जुन्या विमानतळाच्या जागेवर हस्तकलांचं खेडं आहे; काच, चांदीची नाजूक तारकामं, लेस वगैरे. वाईट नाही, पण तिथे अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ इम्दीनातून कापलेला असतो. मोस्ताचं घुमटाचं चर्च यादीत असेल तर ते मात्र पाहण्याजोगं आहे: ९ एप्रिल १९४२ ला बॉम्ब घुमट फोडून आत पडला, आत अडीचशेहून जास्त माणसं होती, आणि तो फुटला नाही. बसची वाटही त्याच अंगाने जाऊ शकते, फार वेळ मोडत नाही.

सहलीच्या एकूण तासांतून काय उरतं ते असं मोजा. चार तासांची सहल म्हणजे जहाजाच्या थिएटरात जमून, छातीवर नंबराचं स्टिकर लावून, बसपर्यंत पोचण्यात पाऊण तास (हा बहुधा तासांत धरलेला नसतो). मग इम्दीनाला जाणं-येणं मिळून एक तास. उरलेल्या तीन तासांत इम्दीनात एक तास, व्हॅलेटात दीड, बाकी मोजदाद आणि वाट पाहणं. यात को-कॅथेड्रलचं आतलं दर्शन असेल तर ही सहल तुमच्यासारख्या कुटुंबाला चांगली. नसेल तर पैसे बसचे दिले जातात, शहरांचे नाही.

जहाजाच्या सहलीची एक बाजू खरोखर भक्कम आहे: तिची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. कानात लावायचं यंत्र मिळतं, त्यामुळे बाबांना गाइडच्या मागे-पुढे पळावं लागत नाही. पण चालण्याचा वेग गटाचा असतो, आईंचा नाही. ‘मॉडरेट ॲक्टिव्हिटी’ असं लिहिलेल्या सहलीत दोन-अडीच किलोमीटर दगडी फरसबंदीवर चालणं धरूनच चाला, आणि बाकं दिसली तरी गट बसत नाही.

तिसरा पर्याय बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: स्वतःचा गाइड. माल्टात पर्यटन गाइडला सरकारी परवाना लागतो आणि काम करताना ओळखपत्र गळ्यात असतं. चार-पाच जणांच्या कुटुंबाने अर्ध्या दिवसासाठी गाडी आणि परवानाधारक गाइड घेतला तर खर्च जहाजाच्या पाच तिकिटांच्या आसपास येतो, आणि कुठे बसायचं ते तुम्ही ठरवता. गाइड ठरवताना जहाजाचं नाव, धक्क्याला लागण्याची वेळ आणि सगळ्यांनी परतायची वेळ तिन्ही लेखी कळवा. जहाज वाऱ्यामुळे बंदरात शिरलंच नाही तर पैसे परत मिळतील का, हेही आधी विचारा. ईशान्येकडून येणारा ग्रेगाले वारा थेट बंदराच्या तोंडातून घुसतो, आणि हिवाळ्याच्या बाजूला त्यापायी थांबे रद्द होतात.

स्वतः जायचं तर

जहाजं बहुतेक पिंटो धक्क्याला लागतात. तिथली रंगीत दारांची वखारींची ओळ ग्रँडमास्टर पिंटोने १७५२ मध्ये बांधली. एकाच दिवशी तीन-चार जहाजं असली की काहींना लांबचा धक्का मिळतो, मग बाहेर पडायलाच वेळ लागतो. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते आधी शोधून ठेवा. कॅथेड्रलच्या रांगेचा अंदाज त्यावरून येतो.

फाटकाबाहेर टॅक्सीवाले, घोडागाडीवाले आणि उघड्या छताच्या पर्यटक बसवाले एकदम अंगावर येतात. उघड्या बसचा मोह मुलीला होणार. ती घेऊ नका. उत्तरेकडची फेरी इम्दीनाला जाते खरी, पण वाटेत थांबे घेत घेत, आणि दुपारी परतीच्या बसमध्ये जागा नसली की पुढच्या बसची वाट पाहत उन्हात उभं राहावं लागतं. ॲपवरची टॅक्सी बरी. बोल्ट आणि उबर दोन्ही चालतात, भाडं आधी दिसतं. इम्दीनापर्यंत साधारण १५ ते २० युरो धरा, बंदरात गर्दी असेल तर जास्त. धक्क्याच्या दारापासून थोडं चालत मुख्य रस्त्यावर येऊन बोलावलं तर गाडी लवकर मिळते. पाच जण असाल तर मोठी गाडी निवडा. साध्या गाडीत चारच घेतात, मांडीवर मूल चालत नाही.

साधी बसही आहे: व्हॅलेटाच्या वेशीबाहेर ट्रायटन कारंज्याभोवती स्थानक आहे, तिथून ५१, ५२ आणि ५३ क्रमांकाच्या बस रबातला जातात. इम्दीना आणि रबात एकमेकांना चिकटून आहेत, एक तटाच्या आत, दुसरं बाहेर. तिकीट उन्हाळ्यात अडीच युरो, दोन तास चालतं. पण स्थानक टेकडीवर, तुम्ही धक्क्यावर. आधी लिफ्टने वर, मग चालत स्थानकापर्यंत. ज्येष्ठांसोबत सकाळी हा खटाटोप करू नये. पाट्या वाचताना एक लक्षात ठेवा की नावं माल्टी भाषेत असतात. व्हिट्टोरिओसा म्हणजे बिर्गू, कॉस्पिकुआ म्हणजे बोर्मला, सेंग्लिया म्हणजे इस्ला. ही भाषा मुळात अरबी घराण्यातली, लिपी मात्र रोमन. कान देऊन ऐकलं तर आपल्या ओळखीचे शब्द सापडतात: पुस्तकाला ‘क्तीब’, जगाला ‘दिन्या’. आपल्याकडे किताब आणि दुनिया फारसीच्या वाटेने आले, तिथे ते घरचेच आहेत.

साडेआठला उतरलात तर सव्वानऊला इम्दीनाच्या वेशीशी असाल. तेव्हा बस भरभरून येणारे गट नुकतेच पोचत असतात, म्हणून एक युक्ती करा: वेशीतून आत शिरताच मुख्य रस्त्याने सरळ पुढे, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बुरुजावर जा. बहुतेक गट कॅथेड्रलपाशी थांबतात, तुम्हाला बुरुज मोकळा मिळतो. तिथून अर्धं बेट दिसतं. मोस्ताचा घुमट आणि लांब समुद्रही. मग उलटं येत कॅथेड्रल पाहा, आणि तोवर गट पुढे सरकलेले असतात.

मराठी वाचकाला इम्दीना समजायला सोपं, कारण आपल्या डोळ्यांना किल्ले सवयीचे आहेत. खंदक कोरडा आहे, आता त्यात बाग आहे. पुलावरून वेशीत शिरताना दिसणारं भव्य बारोक दार १७२४ चं, ग्रँडमास्टर व्हिलेनाच्या काळातलं, फ्रेंच स्थपती मोंदियोंचं. जुनं दार शेजारीच भिंतीत बुजवलेलं दिसतं. आतल्या गल्ल्या मुद्दाम वळत्या आहेत: वळणामुळे सावली राहते, आणि आत शिरलेल्या शत्रूला सरळ नेम धरता येत नाही. आत तीनशेहूनही कमी लोक राहतात आणि रहिवाशांखेरीज गाड्यांना जवळपास बंदीच, म्हणून ‘शांत शहर’ हे नाव. पण अकरा ते दोनच्या दरम्यान ते मुळीच शांत नसतं.

कॅथेड्रल १६९३ च्या सिसिलीच्या भूकंपात पडलं. लोरेन्झो गाफाने ते १६९६ ते १७०५ या काळात नव्याने बांधलं. दर्शनी भागावर दोन घड्याळं आहेत. गाइड सांगेल की सैतानाला खरी वेळ कळू नये म्हणून एक चुकीचं लावलंय. गोष्ट छान आहे, मुलीला आवडेल. वास्तविक एक वेळ दाखवतं आणि दुसरं तारीख-महिना. कॅथेड्रलच्या तिकिटात शेजारचं संग्रहालय येतं. आई दमल्या असतील तर एकाला त्यांच्यासोबत कॅथेड्रलमध्ये बसू द्या आणि बाकीच्यांनी संग्रहालय बघा.

रबातमधली सेंट पॉलची भुयारी दफनस्थानं अप्रतिम आहेत, पण दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. पायऱ्या उंच, छत कमी, वाकून जावं लागतं. तुमच्या दिवसात ती बसतही नाहीत. रबातमध्ये खायला मात्र पाच मिनिटं जा. पास्तित्सी म्हणजे होडीच्या आकाराचा, पापुद्र्यांचा गरम पुडा, आत रिकोटा किंवा वाटलेले वाटाणे. एकाला एक युरोच्या आतबाहेर. घरात शाकाहारी कुणी असेल तर वाटाण्याचा बघून लगेच घेऊ नका: पापुद्र्यासाठी परंपरेने डुकराची चरबीही वापरतात, काही ठिकाणी मार्गारिन. ‘लार्ड?’ एवढा एक शब्द विचारला तरी उत्तर मिळतं. शाकाहारींसाठी बिगिल्ला ही वाटलेल्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी पावासोबत निर्धास्त. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असतं, चालतं, पण चव खारट. बाटल्या जहाजावरून भरूनच निघा.

पावणेअकराला परतीची गाडी बोलवा. चालकाला व्हॅलेटाची वेस सांगू नका, ‘कास्तील’ सांगा. पंतप्रधानांचं कार्यालय असलेला कास्तीलचा चौक टेकडीच्या माथ्यावर आहे, तिथून अप्पर बराक्का बाग सपाट रस्त्यावर तीन-चार मिनिटं. वेशीपाशी उतरलात तर आईंना उगाच चालवणं होतं.

व्हॅलेटा: माथ्यावरून चाला

अप्पर बराक्काच्या खालच्या तोफखान्यातून रोज दुपारी बाराला आणि चारला तोफ उडवतात. बाराची गाठायची असेल तर पावणेबाराला कठड्याशी उभे राहा, नंतर पुढची ओळ मिळत नाही. वरून बघायला पैसे पडत नाहीत. आवाज खरोखर मोठा असतो. बाबांना श्रवणयंत्र असेल तर क्षणभर काढायला सांगा. समोर पाण्यापलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला आणि तीन शहरं दिसतात. पाचापैकी उरलेल्या या तिन्ही शहरांत जायचं नाही, ती इथूनच नीट बघा. एक एक जिभेसारखं भूशीर पाण्यात आलेलं आहे: किल्ल्यामागचं बिर्गू, उजवीकडचं इस्ला, आणि मधल्या खाडीच्या टोकाला बोर्मला. याच बंदरात १८७८ मध्ये, रशिया-तुर्कस्तानचा पेच चालू असताना, ब्रिटिशांनी भारतातून सुमारे सात हजार सैनिक आणून उतरवले होते आणि त्यात मुंबई सैन्याच्या पलटणीही होत्या.

व्हॅलेटाचा भूगोल एका वाक्यात सांगायचा तर तो मासळीच्या काट्यासारखा आहे. मधला कणा म्हणजे रिपब्लिक स्ट्रीट आणि त्याला समांतर मर्चंट्स स्ट्रीट. दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या गल्ल्या म्हणजे काटे. एक किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त सहाशे मीटर रुंद एवढंच शहर आहे, पण काट्यांवरून उतरलात की पायऱ्या आहेत, आणि उतरलेलं परत चढावं लागतं. शहराची आखणी लापारेलीने केली तेव्हा टेकडी सपाट करायचा बेत होता, तो अर्ध्यावर राहिला. आजच्या पायऱ्या त्याचं फळ. ज्येष्ठांसोबत नियम एकच: कण्यावरून चालायचं. रंगीत लाकडी सज्ज्यांचे फोटो गल्लीच्या तोंडाशी उभं राहूनच काढा, तिथूनच ते चांगले येतात आणि पलीकडे समुद्रही मिळतो. चुनखडीच्या पायऱ्या शेकडो वर्षं पायांखाली घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. पावसाचा शिडकावा झाला की साबणासारख्या होतात. रबरी तळाचे बूट हवेत, चपला नकोत.

या दिवसाचं खरं धन सेंट जॉनचं को-कॅथेड्रल. सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाहेरून ते इतकं साधं आहे की लोक पुढे निघून जातात. जिरोलामो कस्सारने १५७० च्या दशकात बांधलेलं हे लष्करी बाण्याचं चर्च, किल्ल्याच्या कोठीसारखं. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसचा उघडा जांभा पाहून आत सोन्याची वेदी असेल असं वाटत नाही, तसाच प्रकार. आत गेल्यावर मात्र इंचभर भिंत मोकळी नाही. बहुतेक जण वर बघतात, मग खाली बघतात, भांबावतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. क्रम लावून बघा. प्रथम मधोमध थांबून खाली: सुमारे चारशे नाइट्सच्या संगमरवरी कबरी, रंगीत दगड जडवून केलेले सांगाडे, ढाली, घंटा. मग भिंती: हे कोरीवकाम बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, जागच्या मऊ चुनखडीतच कोरून वर सोनं चढवलंय. मग छत: मात्तिया प्रेतीने १६६१ ते १६६६ मध्ये थेट दगडावर तैलरंगात रंगवलं. खांबांच्या माथ्याशी बसलेल्या आकृत्या शिल्पं वाटतात, पण त्या चित्रं आहेत. त्यांच्या सावल्यासुद्धा रंगवलेल्या आहेत. मुलीला यातली शिल्पं कोणती आणि चित्रं कोणती हे ओळखायला सांगा, अर्धा तास कुरकुर होणार नाही.

शेवटी ओरेटरी, म्हणजे बाजूचं प्रार्थनादालन. तिथे काराव्हाज्जोचं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’, १६०८ चं, साडेतीन मीटरहून उंच आणि पाच मीटरहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकमेव ज्ञात चित्र, आणि सही कुठे, तर जॉनच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात. चित्राचा अर्धा भाग नुसती अंधारी भिंत आहे. ते रिकामेपण दुरून बघायचं, म्हणून आधी दालनाच्या मागच्या टोकाला थांबा आणि मग पुढे जा. त्याच वर्षी काराव्हाज्जो नाइट झाला, मारामारीत अडकला, तुरुंगातून पळाला, आणि डिसेंबरात त्याला संघातून काढून टाकण्याची सभा भरली ती याच दालनात, त्याच्याच चित्रासमोर.

आता व्यवहार. तिकीट सुमारे १५ युरो, त्यात कानाला लावायचं ऑडिओ गाइड येतं. ऑनलाइन आधी घेतलं तर दारातली रांग वाचते. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला पर्यटकांना प्रवेश नसतो. माल्टात सुट्ट्या पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच नेमक्या क्रूझच्या हंगामात येतात: ३१ मार्च, १ मे, ७ जून, २९ जून, १५ ऑगस्ट, ८ सप्टेंबर, २१ सप्टेंबर. तुमचा थांबा यातल्या दिवशी किंवा रविवारी असेल तर सगळा बेत उलटा बांधा. कॅथेड्रलचे दोन तास तीन शहरांना द्या, आणि इम्दीनाचं कॅथेड्रलही आतून पाहायला मिळेल हे धरून चालू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी बॅगेत ठेवली की प्रश्न मिटतो. टोकदार टाचेच्या चपलांना मनाई आहे, कारण त्या टाचा संगमरवराला भोकं पाडतात.

वेळ कोणती? अकरा ते साडेबारा टाळा, सगळे गट तेव्हाच आत असतात. बाराची तोफ, मग मर्चंट्स स्ट्रीटच्या अंगाला जेवण, आणि सव्वाएकला कॅथेड्रल. दीड तास पुरतो. पावणेतीनला बाहेर.

उतरताना

अप्पर बराक्काच्या कोपऱ्यातून लिफ्ट ५८ मीटर खाली धक्क्याच्या रस्त्यावर नेते. जुनी लिफ्ट १९०५ ची, १९७३ मध्ये बंद पडली. आताची २०१२ ची. तिकीट एक युरोच्या आसपास, सुटे नाणे जवळ ठेवा. एका खेपेला वीसेक माणसं जातात, त्यामुळे तीन जहाजांचे लोक एकदम उतरू लागले की साडेतीननंतर रांग लागते. तीनला लिफ्टशी असाल तर निवांत. खालून जहाजापर्यंत पाण्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं, सपाट पण उन्हातली. आईंना तेही नको असेल तर कास्तीलहून थेट टॅक्सी धक्क्याच्या दारापर्यंत. वळसा असला तरी उन्हाचं चालणं टळतं.

तीनला खाली आलात आणि अंगात त्राण असेल तर तीन शहरांसाठी एक छोटी सोय आहे. लिफ्टसमोरचा रस्ता ओलांडला की पलीकडे जायची फेरी आणि ‘दाइसा’ नावाच्या रंगीत लाकडी नावा लागतात. नावेने पलीकडे पोचायला पाच-दहा मिनिटं, माणशी दोन-तीन युरो. उतरू नका, नावाड्याला खाडीत एक फेरी मारून परत आणायला सांगा, आणि पैसे बसण्याआधी ठरवा. मुलीला इस्लाच्या टोकावरची दगडी टेहळणी चौकी दाखवा. तिच्यावर डोळा आणि कान कोरलेला आहे. साडेतीनला परत आला नाहीत तर मात्र हे धाडस ठरेल.

कागदपत्रांचं राहिलं. माल्टा शेंगेनमध्ये आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि जहाज मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जात असेल तर तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. हे बुकिंगच्या वेळीच तपासा. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि बंदर-एजंटचा फोन क्रमांक एवढं प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळं असू द्या; एजंटचा क्रमांक त्याच रोजच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात असतो.

ऊन जून ते सप्टेंबर फार कडक, आणि पिवळट दगडावरून डोळ्यांत उलटं येतं. टोपीइतकाच काळा चष्मा गरजेचा. हॅल सफ्लिएनीचं प्रागैतिहासिक भूमिगत दफनस्थळ कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा की तिथे एका वेळी दहाच जणांना सोडतात आणि तिकिटं कितीतरी आठवडे आधी संपतात. ते या खेपेला सोडूनच द्या.

शेवटची गोष्ट फुकट आहे. सकाळी साडेसहापासून वरच्या डेकवर उभे राहा. जहाज बंदरात शिरताना उजव्या हाताला सेंट एल्मो आणि व्हॅलेटाचे तट येतात, डाव्या हाताला रिकासोलीचा किल्ला आणि मग सेंट अँजेलो. संध्याकाळी निघताना बाजू उलट होते, व्हॅलेटा डावीकडे. मावळतं ऊन शहरामागून येतं, त्यामुळे तटांचे फोटो सकाळचे चांगले निघतात आणि संध्याकाळी उजेड पडतो तो तीन शहरांवर, म्हणून तेव्हा उजवीकडची रेलिंग धरा.